विकत न मिळालेली विद्या

राजकीय स्वातंत्र्याची घोषणा एका मध्यरात्रीं होऊं शकते. विद्येच्या स्वातंत्र्याची तशी होत नाहीं. पैका मोजला म्हणजे यंत्र घरीं येतें; परंतु तें घडविण्याचें ज्ञान देणाऱ्याच्या मर्जीवर राहतें, आणि ती मर्जी केव्हां फिरेल याचा नेम नसतो. ज्याला क्रायोजेनिक म्हणतात त्या अतिशीत इंजिनाचा भारतांतील १९९१ ते २०१४ पर्यंतचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

जड उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीच्या भूस्थिर कक्षेकडे धाडावयाचा, तर अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यास थोड्या वजनांत पुष्कळ जोर देणारें इंधन लागतें. द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन यांची जोडी या कामीं फार सरस. परंतु ऑक्सिजन उणे १८३ अंश सेंटिग्रेडला द्रवरूप होतो, तर हायड्रोजनला उणे २५३ अंशांची थंडी लागते. आणि तेथून हाताच्या अंतरावर ज्वलनकोठींत हजारों अंशांची आग भडकलेली असते. अशा थंडींत धातु आकसतात, सांधे गळूं लागतात; आणि तशांतच पंपांना मिनिटाला हजारों फेऱ्यांच्या वेगानें फिरावें लागतें. ही विद्या त्या काळीं अमेरिका, सोव्हिएट रशिया, युरोप, जपान व चीन यांच्यापाशींच होती.

जानेवारी १९९१ मध्यें इस्रोनें ग्लाव्हकॉसमॉस या सोव्हिएट संस्थेशीं करार केला. त्यांत इंजिनांबरोबर तीं घडविण्याचें ज्ञानही मिळावयाचें होतें. वर्षअखेर सोव्हिएट संघराज्यच लयास गेलें. मे १९९२ मध्यें अमेरिकेनें, हें ज्ञान क्षेपणास्त्रांच्या कामीं येईल असें कारण दाखवून, दोन्ही संस्थांवर दोन वर्षांचे निर्बंध लादले. वास्तविक ज्या अग्निबाणांत इंधन भरून तो दीर्घकाळ सज्ज ठेवतां येत नाहीं, तो रणांगणावर फारसा उपयोगी नव्हे. परंतु युक्तिवादानें निर्बंध उठत नाहींत. १९९३ मध्यें रशियानें माघार घेतली. तयार इंजिनें मिळतील, विद्या मिळणार नाहीं, असें ठरलें. अखेर सात तयार टप्पे पदरांत पडले.

१९९४ मध्यें इस्रोनें हें इंजिन घरींच घडविण्याचें काम हातीं घेतलें. तामिळनाडूंतील महेंद्रगिरि येथें परीक्षणाची सोय उभी राहिली, तर मुंबईच्या विक्रोळींतील गोदरेज कारखान्यानें इंजिनाच्या घडणीचा भार उचलला. कारागिरांना नवे जोड, नवीं मापें व नवी अचूकता शिकावी लागली. दरम्यान १८ एप्रिल २००१ रोजीं जीएसएलव्हीचें पहिलें उड्डाण रशियन इंजिनावर झालें.

खरी कसोटी १५ एप्रिल २०१० रोजीं लागली. श्रीहरिकोट्याहून निघालेल्या अग्निबाणांत प्रथमच स्वदेशी अतिशीत इंजिन होतें. तें पेटलें, पण हायड्रोजन पुढें ढकलणारा साहाय्यक पंप क्षणभर फिरून थांबला, आणि उपग्रहासह सर्व कांहीं बंगालच्या उपसागरांत गेलें. सोळा वर्षांच्या श्रमांचें हें फळ पाहून कोणाचेंही मन खचलें असतें. तथापि दोष शोधणारेही आतां घरचेच होते. पंपाची रचना सुधारली, आणि उंचावरील निर्वात स्थिति जमिनीवरच निर्माण करून इंजिन पेटवून पाहिलें. १९ ऑगस्ट २०१३ रोजीं दुसऱ्या टप्प्यांतील इंधनाची गळती दिसतांच उड्डाण ऐनवेळीं थांबविण्याचा संयमही दाखविला गेला. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजीं १,९८२ किलोग्रॅम वजनाचा जीसॅट-१४ उपग्रह स्वदेशी इंजिनाच्या बळावर कक्षेंत पोंचला.

त्यापुढील सीई-२० हें अधिक शक्तिमान इंजिन ५ जून २०१७ रोजीं प्रथम आकाशांत गेलें, आणि १४ जुलै २०२३ रोजीं चंद्रयान-३ ला मार्गस्थ करणाऱ्या अग्निबाणांतही तेंच होतें.

यावरून परकीयांचें साहाय्य त्याज्य, असें मात्र ठरत नाहीं. त्या सात टप्प्यांमुळेंच मधल्या काळांत उड्डाणें चालूं राहिलीं, आणि रशियन रचनेचा कित्ता समोर नसता तर पहिलें इंजिन आणखी लांबलें असतें. पण कित्त्यावरून अक्षर गिरवितां येतें. चुकलेलें अक्षर कां चुकलें, हें ज्याचें त्यालाच ओळखावें लागतें. २०१० मधील अपयशाचें कारण भारतीय तंत्रज्ञांनीं स्वतः शोधून काढलें, तेव्हांच ती विद्या खऱ्या अर्थानें त्यांची झाली.