मोकळ्या जागेतील खेळ (कोविड महासाथ, २०२०–२२)

कोविड-१९च्या साथीत नाट्यगृहे व चित्रपटगृहे बंद असताना वाहनतळ, मैदाने, चौक, इमारतींची अंगणे आणि सज्जे अशा ठिकाणी झालेले चित्रपटांचे, संगीताचे, नाटकाचे व दृश्यकलेचे सार्वजनिक कार्यक्रम. श्वासाबरोबर बाहेर पडणारे सूक्ष्म तुषार बंद खोलीत तरंगत राहतात, मोकळ्या हवेत लवकर विरतात. या एका कारणाने निर्बंध सैल करताना अनेक सरकारांनी आधी उघड्या जागांना मुभा दिली. इंग्लंडमध्ये खुल्या रंगमंचावरील प्रयोगांना ११ जुलै २०२० पासून, तर सभागृहातील प्रयोगांना १५ ऑगस्टपासून परवानगी मिळाली. यातले बहुतेक प्रकार जुनेच होते. साथीने ते नव्याने कामाला लावले, इतकेच.

सर्वाधिक बोलबाला ड्राइव्ह-इनचा झाला. मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे पहिले व्यावसायिक थिएटर रिचर्ड हॉलिंग्सहेड याने ६ जून १९३३ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतील कॅमडेनजवळ उघडले. १९५८च्या सुमारास अशी सुमारे ४,००० थिएटरे तेथे होती. २०२० उजाडेपर्यंत जेमतेम ३०० उरली. प्रत्येक कुटुंब आपापल्या मोटारीत, काचा बंद, आवाज मोटारीतल्याच एफएम रेडिओवर: संसर्ग टाळण्यासाठी मुद्दाम आखावी अशी ही रचना आयती तयार होती. मोठ्या कंपन्यांनी नवे चित्रपट अडवून ठेवले होते. त्यामुळे अमेरिकेच्या तिकीटबारीची यादी काही काळ या पडद्यांच्या हाती गेली आणि ‘द रेचेड’ हा लहानसा भयपट सलग कित्येक आठवडे पहिला राहिला. जूनमध्ये तर १९९३चा ‘जुरासिक पार्क’ पुन्हा अग्रस्थानी आला. वॉलमार्टने ऑगस्टमध्ये आपल्या १६० दुकानांच्या वाहनतळांवर पडदे उभारले.

युरोपात लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसला, उड्डाणे थांबल्याने ओस पडलेल्या विमानतळावर एप्रिल २०२०च्या अखेरीस पडदा लागला. पहिला खेळ ‘पॅरासाइट’चा होता. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे त्याच महिन्यात गायक मॅड्स लँगर याने मोटारीतल्या श्रोत्यांसमोर मैफल केली. जर्मनीत चित्रपटांखेरीज मैफली, चर्चच्या प्रार्थना आणि डिस्कोही वाहनतळांवर भरले. पडदा व प्रक्षेपक भाड्याने मिळतात, पण ध्वनीसाठी सरकारकडून तात्पुरती एफएम वारंवारता मिळवावी लागते, आणि ती देणाऱ्या कचेरीकडे अर्जांची रीघ लागली. स्वच्छतागृहांपुढची रांग हाही आयोजकांच्या डोकेदुखीचा विषय होता. टाळ्यांची जागा हॉर्नने घेतली. कलावंतांना प्रतिसाद मिळाला खरा, शेजारच्या वस्तीला काय वाटले असेल याचा अंदाज करता येतो.

मोटार हीच अडचण मानण्याऐवजी तिचा कलेसाठी उपयोग करून घेणारा प्रयोग डेट्रॉइटला झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मिशिगन ऑपेरा थिएटरने युव्हाल शॅरन यांच्या दिग्दर्शनाखाली वागनरच्या ‘ग्योटरडॅमरुंग’चे संक्षिप्त रूप, ‘ट्वायलाइट: गॉड्स’, ऑपेरागृहाच्या बहुमजली वाहनतळात सादर केले. प्रेक्षक मोटारीतून मजल्यामागून मजला पुढे सरकत आणि प्रत्येक ठिकाणचा प्रवेश रेडिओवर ऐकत. मूळ संगीतनाटकात ब्रुनहिल्डा घोड्यावरून चितेत झेप घेते. येथे ती फोर्ड मस्टँगमधून निघून गेली. मोटारींच्या शहरात यापेक्षा योग्य घोडा मिळाला नसता. याच वर्षी इंग्लिश नॅशनल ऑपेराने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसच्या आवारात ‘ला बोएम’चे ड्राइव्ह-इन प्रयोग केले, पण ते बरेचसे नेहमीच्या रंगमंचासारखेच होते.

ज्याच्याकडे मोटार नाही त्याला या सगळ्यात जागा नव्हती. ती बर्लिनमधल्या दोन उपक्रमांनी दिली. ‘विंडो फ्लिक्स’मध्ये निवासी इमारतींच्या आतल्या अंगणातील भिंतींवर चित्रपट दाखवले जात आणि रहिवासी खिडक्यांतून पाहत, उद्देश बंद पडलेल्या छोट्या चित्रपटगृहांना मदत मिळवून देण्याचा होता. ‘दी बाल्कोने’ या प्रदर्शनात एप्रिल २०२० मध्ये प्रेन्झलाउअर बेर्ग भागातील कलावंतांनी आपल्याच सज्जांत आणि खिडक्यांत कलाकृती मांडल्या. पाहणाऱ्याने रस्त्याने फिरावे, थांबावे, पुढे जावे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ऑगस्टपासून एका पिकअप ट्रकवर वादक बसवून वस्त्यांतून अचानक मैफली केल्या. गर्दी होऊ नये म्हणून ठिकाण आधी जाहीर करत नसत. प्रेक्षक जमू नयेत याची काळजी घेणारी मैफल संगीताच्या इतिहासात विरळाच असेल.

चित्रपट महोत्सवांना मोकळी हवा स्वस्तात पडली नाही. एरवी फेब्रुवारीच्या थंडीत भरणाऱ्या बर्लिन महोत्सवाने २०२१ मध्ये आपले दोन भाग केले: मार्चमध्ये व्यावसायिकांसाठी ऑनलाइन, आणि ९ ते २० जूनला सामान्य प्रेक्षकांसाठी शहरातील खुल्या पडद्यांवर, ज्यांतला एक म्युझियम आयलंडवर खास उभारलेला होता. चाचणीचा दाखला बंधनकारक होता. खरी अडचण सूर्याची. जूनमध्ये बर्लिनला तो साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे सभागृहात सकाळपासून रात्रीपर्यंत चार-पाच खेळ होतात तेथे एका पडद्याला एका रात्री एकच खेळ मिळतो. इटलीत बोलोन्याच्या पियात्सा माज्जोरे चौकातील प्रदर्शनांची जुनी परंपरा होती. तेथे घडी लवकर बसली. अमेरिकेत टेल्युराइड महोत्सव रद्द झाला, पण त्याने निवडलेला ‘नोमॅडलँड’ ११ सप्टेंबर २०२० रोजी पॅसाडिनाच्या रोझ बोल येथे ड्राइव्ह-इन स्वरूपात दाखवला गेला. पुढे या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

मराठीचा संबंध येतो तो चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मुळे. सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्क महोत्सवाच्या मुख्य विभागातही त्याची निवड झाली होती. तो महोत्सव मात्र त्या वर्षी ऑनलाइन आणि ब्रुकलिन, क्वीन्स व ब्राँक्समधील ड्राइव्ह-इन पडद्यांवर भरला.

महाराष्ट्रात उघड्यावरच्या खेळांची परंपरा जत्रेतल्या तमाशाची आणि तंबूतल्या टूरिंग टॉकीजची. देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली २५ मार्च २०२० रोजी, गुढीपाडव्याला, म्हणजे गावोगावच्या यात्रांचा हंगाम तोंडावर असताना. नारायणगावला राहुट्या टाकून फडमालक गावकऱ्यांकडून सुपाऱ्या घेतात, ते दिवस हेच. यात्रा रद्द झाल्या आणि वर्षाची कमाई बुडाली. पुढच्या वर्षीही तेच. तमाशा मोकळ्या मैदानात होतो हे खरे, पण तो खेटून बसलेल्या गर्दीवर जगतो, आणि मोटारी अंतराने उभ्या करून फड चालत नाही. गणेशोत्सवातही २०२० मध्ये सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांपुरती ठेवली गेली आणि सांस्कृतिक कार्यक्रमांऐवजी रक्तदानासारख्या उपक्रमांवर भर देण्यास मंडळांना सांगण्यात आले. परदेशात खुली जागा हा उपाय ठरला. येथे खुल्या जागेतले कलावंतच आधी घरी बसले.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील एका मॉलच्या गच्चीवर सुमारे २९० मोटारींचे ड्राइव्ह-इन सुरू झाले ते ५ नोव्हेंबर २०२१ रोजी. पहिला चित्रपट ‘सूर्यवंशी’. त्याच्या दोन आठवडे आधीच, २२ ऑक्टोबरला, राज्यातील नेहमीची चित्रपटगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडली होती. साथीचे सर्व निर्बंध १ एप्रिल २०२२ रोजी उठले आणि दोन वर्षांच्या खंडानंतर यात्रांतील फडांना पुन्हा बोलावणी येऊ लागली.