रंजन, दान आणि श्रमदान

गायनाचा जलसा असो, नाटकाचा प्रयोग असो की ग्रंथप्रकाशनाचा समारंभ असो, त्याच्या हस्तपत्रिकेच्या तळाशी पुष्कळदा एक ओळ छापलेली असते: या कार्यक्रमाचे उत्पन्न अमक्या संस्थेच्या कार्यास देण्यात येईल. ही ओळ वाचून एक गृहस्थ म्हणतो, बरे झाले, गाणेही कानावर पडेल आणि पुण्यही पदरी पडेल. दुसरा नाक मुरडतो आणि विचारतो, द्यायचेच आहे तर सरळ हात उचलून द्यावे. त्याला तंबोऱ्याची साथ कशाला हवी? गाण्यासाठी आलेल्याने दिलेला पैसा हा दान म्हणावा की तिकिटाची किंमत म्हणावी?

हा वाद तर्काने सुटण्यासारखा नाही. दोन्ही पक्षांस बोलायला भरपूर जागा आहे. म्हणून आम्ही तो इतिहासापुढे मांडणार आहो. इतिहासासाठी फार लांब जाण्याचेही कारण नाही. १९८९ नंतर ज्याचे नाव साऱ्या देशात झाले ते हिवरे बाजार ज्या नगर जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यापासून आरंभ करू, वाटेत पुण्या-मुंबईस जाऊन येऊ आणि शेवटी त्याच गावाच्या वेशीपाशी थांबू.

या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, ते अहिल्याबाई होळकरांवरून. जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव. जन्म १७२५ चा. घाट, विहिरी, बारवा, देवळे आणि धर्मशाळा यांच्या रूपाने त्यांचे दान काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्रांपर्यंत पोहोचले. याच जिल्ह्यात संगमनेर येथे १७४४ मध्ये अनंत फंदी जन्मास आला. डफावर थाप मारून फड गाजविणारा हा शाहीर. त्याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, अहिल्याबाईंनी त्याला बोल लाविला: ब्राह्मणाने तमाशा करावा हे बरे नव्हे. तेव्हा फंदीने डफ टाकला आणि तो कीर्तनास उभा राहिला. अहिल्याबाईंच्या त्या शब्दांत त्या काळचा जातिविचार आहे आणि तमाशाला हीन लेखण्याची दृष्टीही आहे. त्या दोहोंचे आम्ही समर्थन करीत नाही. आख्यायिका खरी की खोटी यातही आम्ही पडत नाही. लोकांना ती खरी वाटली आणि त्यांनी ती जपली, एवढेच आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. तिच्यात एक अपेक्षा दडलेली आहे. ज्याच्या गळ्याला लोक जमतात, त्याने जमलेल्या लोकांसाठी काही करावे, नुसते रिझवून घरी पाठवू नये, ही ती अपेक्षा होय. मराठी माणूस कलावंताकडे हे मागणे फार पूर्वीपासून करीत आला आहे. श्रोत्याकडे काय मागावे, हा प्रश्न मात्र बराच काळ कोणी विचारला नाही.

तो विचारला गेला एकोणिसाव्या शतकात, आणि गाण्याच्या नव्हे तर ग्रंथांच्या मेळाव्यात. नगर हे त्या वेळी लहान शहर असले तरी विद्येच्या बाबतीत मागासलेले नव्हते. तेथील वाचनालय १८३८ चे, आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये येथेच सुरू केले. पुढे पुण्यास १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम निघाला. त्यामागे न्यायमूर्ती रानडे होते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्यासुरत्या माणसांचे बोलणे ऐकावे, ही सवय महाराष्ट्राला तेव्हापासून लागली. १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची सभा भरली, आणि दुसरी १८८५ मध्ये. आजच्या साहित्यसंमेलनाचे मूळ तेथे आहे.

या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले होते. ते आले नाहीत. त्यांनी रानड्यांना पत्र लिहिले आणि ते ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दोनच वर्षे झाली होती. शेतकऱ्याच्या घरात काय शिजते हे ज्याने पाहिले होते, त्याला ग्रंथांची ती मैफल पोकळ वाटली यात नवल नाही.

हे पत्र वाचून पुष्कळांना वाटते की फुले ग्रंथांच्या किंवा सभांच्या विरुद्ध होते. हा समज चुकीचा आहे. ते स्वतः पवाडा लिहिणारे आणि अखंड रचणारे होते. त्यांच्या सत्यशोधक समाजाच्या विचारांतूनच पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले आणि ढोलकीच्या तालावर खेडोपाडी सुधारणेचा विचार पोहोचला. त्यांचा आक्षेप रंजनाला नव्हता. रंगमंडपात बसलेला माणूस मंडपाबाहेर उभ्या असलेल्याशी कसा वागतो, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या मते मदतीच्या प्रत्येक जलशाला हा प्रश्न लागू आहे, आणि आजही तो टळलेला नाही.

आता दुसरी बाजू पाहू. कारण तिकिटाच्या पैशाला तुच्छ लेखणे हाही एक अन्यायच होईल. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. त्यांच्या नावाने एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड जमविण्याचे काँग्रेसने १९२१ मध्ये ठरविले. त्या फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. खाडिलकरांचे हे नाटक मूळ १९११ चे. त्यात भामिनी झाले बालगंधर्व आणि धैर्यधर झाले केशवराव भोसले. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. दोन्ही मंडळ्यांत चुरस अशी की, एकाच्या चाहत्याने दुसऱ्याचे नावही घेऊ नये. ते दोघे एका रंगभूमीवर उभे राहिले. पुढच्या जागांचे दर शंभर रुपयांपर्यंत गेले होते, तरी थिएटर भरून गेले. त्या रात्रीच्या आठवणी रसिकांनी पुढच्या पिढ्यांना वारसाहक्काने दिल्या.

त्या प्रेक्षकांतले किती जण स्वराज्यासाठी आले होते आणि किती जण गाण्यासाठी? याचा हिशेब कोणी ठेविला नाही आणि ठेवता येणारही नाही. तथापि एक गोष्ट निश्चित. जे दोन प्रतिस्पर्धी एरवी एकत्र आले नसते, ते एका सार्वजनिक कार्याच्या निमित्ताने एकत्र आले. म्हणजे येथे कलेने कार्याला पैसा दिला हे जितके खरे, तितकेच कार्याने कलेला एक अपूर्व रात्र दिली हेही खरे. दान आणि रंजन यांचे नाते एकतर्फी नसते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

पण या कथेला एक उत्तरार्ध आहे, आणि तो आम्ही सहसा सांगत नाही. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. बालगंधर्वांच्या मंडळीवर कर्जाचा बोजा राहिला, आणि ज्यांच्या शालूंची आणि अत्तरांची वर्णने घरोघर होत, त्यांचे उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले. ते १९६७ मध्ये निवर्तले. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव पावल्या, पण २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या पदरी हलाखीच होती. चांगल्या कार्यासाठी फुकट गा, फुकट नाचा, फुकट बोला, असे आम्ही कलावंताला मोठ्या हक्काने सांगतो. आम्ही मात्र तिकिटापुरते मोकळे. मग दाता कोण? पाच रुपये देऊन तीन तास सुख घेणारा, की सुख देऊन रिकाम्या हाताने घरी जाणारा? साहाय्यार्थ होणाऱ्या कार्यक्रमाचा हिशेब मांडताना कलावंताचे मानधन हे खर्चाच्या बाजूस पहिले लिहिले पाहिजे. उरेल त्याचे दान करावे. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा घेऊन केलेल्या दानाचे पुण्य आपल्या नावावर जमा करणे बरे नव्हे.

स्वतःच्या कमाईचे दान करणारेही येथे झाले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी प्रयोगांचे आणि पुस्तकांचे उत्पन्न प्रतिष्ठानाच्या द्वारे अनेक संस्थांना दिले. व्यसनमुक्तीचे कार्य करणारे पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये उभे राहिले त्यातही त्यांच्या देणगीचा वाटा होता. येथे देणारा आणि गाणारा एकच होता, म्हणून हिशेब स्वच्छ राहिला.

श्रोत्याने काय द्यावे, या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर आम्हांस एका निरक्षर माणसाजवळ सापडते. गाडगेबाबा गावात आले म्हणजे प्रथम हाती खराटा घेत. गल्ल्या झाडून होत, उकिरडे दूर होत, आणि मग रात्री कीर्तन उभे राही. दिवसा बाबांना झाडताना पाहून लाजलेले गावकरीही खराटा घेऊन येत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर बसून ते देवाचे नाव घेत, आणि कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला हे बोल ऐकत. या कीर्तनांच्या जोरावर पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतःच्या झोळीत त्यांनी भाकरतुकड्यापलीकडे काही ठेविले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आम्ही आधी गाणे ऐकतो आणि मग जाता जाता पेटीत नाणे टाकतो. बाबांनी आधी श्रम मागितले आणि मग गाणे दिले. त्यामुळे कीर्तन हे दानाचे आमिष राहिले नाही. ते श्रमानंतरची विश्रांती झाले. फुल्यांच्या प्रश्नालाही येथे उत्तर मिळते. झाडलोट करताना सगळे एकाच धुळीत उभे होते. मंडपाच्या आतला आणि बाहेरचा असा भेदच उरला नाही.

आता हिवरे बाजार. नगर शहरापासून हे गाव सुमारे सतरा किलोमीटरवर आहे. क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आणि पाऊस वर्षाला चारशे मिलीमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळाने गाव खचले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि गावात उरल्या त्या दारूच्या भट्ट्या आणि भांडणे. १९८९ मध्ये पोपटराव पवार हा शिकलेला तरुण बिनविरोध सरपंच झाला. गावाने शाळेकडे लक्ष घातले आणि पाच गोष्टी ठरविल्या: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, बांध पडले, झाडे लागली. पुढे शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या पिकांस गावानेच मनाई केली. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते. १९९५ मध्ये १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांत ती तीनवर आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

या गोष्टीत गाणे कोठे आले, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गाण्याने जे काम एरवी करावे, ते येथे ग्रामसभेने केले. माणसे एकत्र बसली, एकमेकांचे ऐकू लागली, आणि ऐकून उठल्यावर त्यांच्या हातात फावडे आले. सरकारी योजनांचा पैसा येथेही आला, हे लपविण्याचे कारण नाही. पण तसा पैसा पुष्कळ गावांत येतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. येथे तो टिकला, कारण चर खणणारे आणि त्या चरांचे पाणी पिणारे एकच होते. गावात एकच मुसलमान कुटुंब, त्याच्यासाठी गावाने मशीद बांधली, हेही त्याच एकत्र बसण्याचे फळ होय. ज्यांच्या दानातून गाव उभे राहिले त्यांच्या नावांच्या पाट्या लावायच्या तर साऱ्या गावाच्या लावाव्या लागतील.

आता आरंभीच्या वादाकडे वळू. जलशाच्या तिकिटातून दान करू नये, असे म्हणणाऱ्या गृहस्थांचा पक्ष आम्ही घेत नाही. माणूस आनंदात असताना त्याची मूठ सैल होते, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे, आणि अनेक अनाथालये, वाचनालये व वसतिगृहे त्या सैल मुठीवर चालली आहेत. परंतु तिकीट काढले की आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांचा पक्षही आम्हांस घेता येत नाही. ज्या वाचनालयासाठी आपण गाणे ऐकले, त्या वाचनालयात वर्षभरात एकदा तरी पाऊल टाकावे. ज्या वसतिगृहासाठी नाटक पाहिले, तेथील मुलांना आठवड्यातून एक तास शिकवावे. ज्या गायकाने मानधन सोडले, त्याच्या पडत्या काळात त्याचे दार ठोठवावे. येवढे केले म्हणजे हस्तपत्रिकेच्या तळाची ती ओळ खरी होते.

व्याख्यानमालेचे श्रोते हेही एक प्रकारचे रसिकच. वसंतातल्या या संध्याकाळी आम्ही बोललो आणि आपण ऐकले. दोघांनाही सुख झाले. गाडगेबाबांच्या क्रमाने पाहू गेल्यास मात्र आपले आधीचे काम राहूनच गेले आहे. खराटा अजून कोपऱ्यात उभा आहे. उद्या सकाळी तो उचलता येईल.