संशयाच्या छायेतील सेवा : संत जोसेफ वाझ (१६५१-१७११)

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गोवा मराठी अभ्यासकास परिचित आहे तो मुख्यतः छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८३-८४ च्या मोहिमेमुळे. मराठी फौजा साष्टीत शिरल्या. त्याच साष्टीतील बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी जोसेफ वाझ यांचा जन्म झाला होता. त्यांचे कार्यक्षेत्र मात्र सिलोन, म्हणजे आजचे श्रीलंका, हे ठरले. पोर्तुगीज सत्तेचा आश्रय नसणे हेच त्यांच्या कार्याचे बळ होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डचांनी १६५८ मध्ये जाफना जिंकून पोर्तुगीजांना सिलोनमधून घालविले व कॅथलिक धर्मगुरूंना प्रवेशबंदी केली. युरोपीय पाद्री तेथे तत्काळ ओळखला गेला असता. सावळ्या वर्णाचे, कोकणी मातृभाषा असलेले वाझ १६८७ मध्ये तुतिकोरीनहून मजुराच्या वेषात जाफन्यास उतरले. ज्या वर्णामुळे पोर्तुगीज धर्मव्यवस्थेत एतद्देशीय पाद्र्यांना दुय्यम स्थान मिळे, तोच येथे उपयोगी पडला. १६८५ पासून ते ज्या ओरेटरी संघाचे सदस्य होते, तो संघही गोमंतकीय पाद्र्यांचाच होता.

डचांचा ससेमिरा चुकवीत ते पुत्तलममार्गे १६९२ मध्ये कँडी राज्यात गेले. तेथे पोर्तुगीज हेर म्हणून त्यांना कैद झाली. किनारपट्टी डचांकडे व डोंगराळ प्रदेश कँडीच्या राजाकडे अशा विभागलेल्या बेटावर प्रत्येक परका हेर ठरत असे, म्हणून या आरोपात नवल नाही. बंदिवासात त्यांनी सिंहली भाषा आत्मसात केली.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. राजा दुसरा विमलधर्मसूर्य नगर सोडून गेला. आप्तांनी रोग्यांचा त्याग केला. वाझ व त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हालो यांनी ख्रिस्ती-बौद्ध असा भेद न करता रोग्यांची शुश्रूषा केली, बेवारस प्रेते पुरली. चरित्रकार त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडल्याच्या कथेवर अधिक भर देतात; इतिहासदृष्ट्या ही शुश्रूषा अधिक मोलाची होय, कारण बौद्धधर्मीय राजाचा विश्वास दृढ होण्यास ती कारणीभूत झाली.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. १७९६ मध्ये डच अंमल संपेपर्यंत सिलोनमधील कॅथलिकांची धुरा गोव्याच्या ओरेटरीनेच वाहिली.