अंश आणि समग्र : राममोहन-मार्शमन वादातील वाचनाचा प्रश्न

ख्रिस्ती पवित्र शास्त्र समग्र स्वीकारावे, की त्यातील ग्राह्य वाटेल तेवढेच घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः श्रद्धेच्या कक्षेतला मानला जातो. वस्तुतः तो संहितेच्या वाचनाचाही प्रश्न आहे. अंशाचा अर्थ समग्राशिवाय लागतो काय, आणि समग्र कशाला म्हणायचे हे कोणी ठरवायचे? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये झालेल्या एका वादात हे दोन्ही प्रश्न एकत्र उपस्थित झाले. म्हणूनच त्या वादाकडे केवळ धर्मसुधारणेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहणे अपुरे ठरते.

१८२० साली कलकत्त्याच्या बाप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापलेले राममोहन रॉय यांचे ‘द प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चार शुभवर्तमानांतील येशूची नीतिपर वचने आणि दृष्टान्त त्यात संकलित केले होते. वंशावळी, बहुतांश चमत्कारकथा आणि चरित्रपर कथनाचा मोठा भाग त्यांनी गाळला होता. मत्तयातून भरपूर, तर योहानातून फारच थोडे घेतले होते. प्रस्तावनेत त्यांनी कारणही दिले होते. ऐतिहासिक व अद्भुत भाग वादाला जागा देतात आणि आशियातील लोकांना त्याहून अद्भुत कथा परंपरेने परिचित आहेत. नीतिवचने मात्र पंडित आणि सामान्य या दोघांनाही सारखीच पटण्याजोगी आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

सेरामपूरच्या मिशनऱ्यांना ही निवड निरुपद्रवी वाटली नाही. जोशुआ मार्शमन यांनी ‘फ्रेंड ऑफ इंडिया’मधून तिच्यावर टीका केली. येशूच्या नीतिवचनांना थोरवी येते ती ती उच्चारणाऱ्याच्या देवत्वामुळे आणि त्याच्या प्रायश्चित्तरूप मरणामुळे. हे वगळले की उरतो तो तारणाचा मार्ग नव्हे, निव्वळ नीतिपाठ, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. हा आक्षेप सांप्रदायिक म्हणून बाजूला सारता येत नाही. कथनापासून वचन तोडले की वचनाचा अर्थ बदलतो, हा त्यातील मुद्दा साहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाला मान्य व्हावा.

राममोहनांची निवड भारतीय वाचकाला पूर्वमीमांसेतील विधी आणि अर्थवाद या विभागणीची आठवण करून देते. विधी म्हणजे आज्ञा, अर्थवाद म्हणजे स्तुती-निंदापर कथन. प्रामाण्याचा भार विधीवर. परंतु हे साम्य राममोहनांच्या बाजूनेच उभे राहते असे नाही. मीमांसक अर्थवाद गाळत नाहीत. विधीशी एकवाक्यता साधूनच अर्थवाद सार्थ होतो, अशी त्यांची भूमिका आहे. संकलनात मात्र अशा एकवाक्यतेला वावच उरत नाही.

वादाला खरे वळण मिळाले ते यानंतर. राममोहनांनी १८२०, १८२१ आणि १८२३ या वर्षांत ख्रिस्ती जनतेला उद्देशून तीन ‘अपील्स’ प्रसिद्ध केली. मिशनच्या मुद्रणालयाने पुढील मजकूर छापण्यास नकार दिल्यामुळे तिसरे त्यांनी स्वतःच्या युनिटेरियन प्रेसमध्ये छापले. या पुस्तिकांचा कर्ता आता संकलक राहिलेला नाही. जुन्या करारातील जी वचने ख्रिस्ताविषयीची भविष्ये म्हणून पुढे केली जात, ती तो त्यांच्या मूळ प्रकरणात ठेवून वाचतो. हिब्रू आणि ग्रीक मूळपाठांचा आधार घेतो. एका शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी तोच शब्द शास्त्रात अन्यत्र कसा आला आहे हे तपासतो. अंशवाचनाचा आरोप परतवण्यासाठी त्याला समग्राचे वाचन करावे लागले. याच काळात शुभवर्तमानांच्या बंगाली भाषांतरात योहानाच्या पहिल्या अध्यायातील एका ग्रीक शब्दयोगी अव्ययावर चर्चा झाली, आणि राममोहनांचे सहकारी विल्यम ॲडम हे बाप्टिस्ट मिशनरी १८२१ मध्ये एकेश्वरवादी युनिटेरियन पंथाकडे वळले.

मार्शमन यांचे समग्र तरी कसे होते? शास्त्राच्या पूर्णतेविषयीची त्यांची निष्ठा निःसंशय होती. त्यांनी लासार यांच्या सहकार्याने केलेले संपूर्ण बायबलचे चिनी भाषांतर १८२२ मध्ये सेरामपूरला पूर्ण छापले गेले. तरीही वादात त्यांच्या हाती येतात ती यज्ञ, बलिदान आणि भविष्यकथन यांविषयीचीच वचने. त्यांच्या प्रकाशात ते उर्वरित शास्त्र वाचतात. म्हणजे राममोहनांप्रमाणे त्यांच्याही समग्रात एक केंद्र आहे. भेद आहे तो गाळण्यात आणि गौण मानण्यात.

या भेदाला जुना इतिहास आहे. इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या चर्चने बहिष्कृत केलेल्या मार्सियनने हिब्रू शास्त्र नाकारून काटछाट केलेला लूक आणि पौलाची दहा पत्रे एवढेच प्रमाण मानले. चर्चने त्याला विरोध केला. पण नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तके नेमकी त्याच संख्येने एका यादीत आढळतात ती अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ आणि कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत. शास्त्रालाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या ल्यूथरने १५२२ च्या नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही पुस्तके शेवटी ढकलली. समग्रसुद्धा निवडीतूनच सिद्ध झाले आहे. फरक इतकाच, की ही निवड एका व्यक्तीची नसून समाजाने दीर्घकाळ वागवलेली आहे, आणि ती वाचकाला न रुचणाऱ्या पानांपाशीही थांबायला लावते.

मराठीत या प्रश्नाची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंच्या कार्यात दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य या सिद्धान्तांविषयी त्यांनी आपल्या अँग्लिकन हितचिंतकांशी कसून वाद घातला. जे बुद्धीला पटले नाही ते केवळ चर्चच्या अधिकारावर त्यांनी मान्य केले नाही. याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतरकाराला वंशावळी गाळता येत नाहीत, लेवीय नियम टाळता येत नाहीत. राममोहनांना प्रतिपक्षाने समग्राकडे नेले, रमाबाईंना त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेने. दोघांच्याही बाबतीत समग्राचा स्वीकार म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्क सोडणे नव्हते. तो हक्क मूळपाठाच्या प्रत्येक ओळीपाशी बजावण्याची ती तयारी होती. मार्शमन यांच्या आक्षेपात जे ग्राह्य होते, ते अशा रीतीने त्यांना अभिप्रेत नसलेल्या दिशेने फलद्रूप झाले, असे म्हणावे लागते.