सेव्ह फाइल, जंत्री आणि राक्षसभुवन

आजचा थ्रेड थोडा निराळा आहे. लढाई १७६३ सालची आहे, पण ती हरवली होती माझ्या संगणकात.

पाचोडहून दक्षिणेकडे निघाले की मोसंबीच्या बागा मागे पडतात आणि गोदावरी लागते. पलीकडच्या तीरावर, गेवराई तालुक्यात, शनीचे राक्षसभुवन आहे. आमच्याकडची मंडळी तिथे दर्शनाला जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे काय घडले, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच वर्षी निजामअलीच्या फौजेने पुणे लुटून जाळले होते. पुढे औरंगाबादेकडे जाताना निजामअली निम्म्या सैन्यासह गोदावरी उतरून गेला आणि उरलेले सैन्य दिवाण विठ्ठल सुंदर याच्यासोबत दक्षिण तीरावर राहिले. दिवस पावसाळ्याचे, नदी भरलेली. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी नेमकी हीच फट साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि आमच्या बाजूच्या तीरावर असलेल्या निजामअलीला त्याच्या मदतीला जाता आले नाही.

हा प्रसंग संगणकावर उभा करावा, ही माझी जुनी हौस. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा क्रिएटिव्ह असेंब्लीचा खेळ मार्च २००९ मध्ये आला. त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते, हे आपल्याकडच्या इतिहासवेड्या मुलांना त्याचे मोठे आकर्षण. मोहीम १७०० सालापासून सुरू होते. राजाराम महाराजांचा मृत्यू, साताऱ्याच्या किल्ल्याचा पाडाव, ताराबाईंनी हाती घेतलेला कारभार, हे सारे त्याच वर्षातले. एका वर्षाच्या दोन चाली. मी १२२ चाली खेळून १७६१ सालापर्यंत येऊन पोहोचलो होतो, आणि एके रात्री सेव्ह उघडेनाशी झाली. लोडिंगची पट्टी अर्ध्यावर जायची आणि खेळ कोणताही संदेश न देता बंद पडायचा.

दोष माझाच होता. खेळ मंदावला म्हणून तो हलका करायला गेलो आणि एक मॉड काढून टाकला. मंदपणाचा इलाज सेव्हच्या मुळावर आला.

मॉड म्हणजे मूळ खेळात बाहेरच्या हौशी मंडळींनी घातलेली भर. १९९३ सालच्या ‘डूम’ने नकाशे, चित्रे व ध्वनी मुख्य प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलीत ठेवले आणि अशी भर घालणे सोपे झाले. ‘एम्पायर’मध्ये हा माल ‘पॅक’ नावाच्या फाइलींत असतो. पलटणींची कोष्टके, त्यांची ताकद, किंमत, पोशाख, सारे त्यात. डार्थमॉडसारखे मोठे मॉड तर लढाईची पद्धतच पालटून टाकतात.

आता सेव्हमध्ये काय असते ते पाहा. आपली समजूत अशी की सारी मोहीम तिच्यात भरून ठेवलेली आहे. प्रत्यक्षात तिच्यात असते ती परिस्थितीची नोंद: अमुक प्रांत अमुक पक्षाकडे, खजिन्यात इतके द्रव्य, अमुक फौजेत अमुक नावाच्या पलटणी. ती पलटण दिसते कशी, लढते कशी, याची माहिती सेव्हमध्ये नसते. ती पॅकमधल्या कोष्टकात असते. पॅक काढला की नाव उरते आणि त्या नावाचा धनी नाहीसा होतो. खेळ कोष्टकात शोधतो, काही सापडत नाही, आणि कोसळतो.

पेशवेकालीन पत्रे वाचणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. राक्षसभुवनच्या सुमाराच्या एखाद्या कागदावर ‘अर्बा सितैन मया व अलफ’ असा सन असतो. चार, साठ, शंभर, हजार: सुहूर सन ११६४. त्यात ५९९ मिळवले की १७६३ येते, पण तेही वर्षाच्या एका भागापुरतेच. कारण सुहूर वर्ष मृगाला बदलते आणि पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. महिना व चंद्र मुसलमानी चांद्रगणनेचे. म्हणून जंत्री शेजारी उघडी ठेवल्याशिवाय तारीख लागत नाही. कागद अस्सल, अक्षर स्वच्छ, तरी जंत्रीवाचून तो अर्धा मुका. माझी सेव्ह तशीच होती. फाइल शाबूत होती. तिची जंत्री मीच फेकून दिली होती.

मग मुळात खेळ मंदावला कशाने? इथे बहुतेक जण घाई करतात, मीही केली. मंदपणाचे प्रकार वेगळे आणि त्यांची कारणेही वेगळी. चाल संपवल्यावर इतर पक्षांच्या चाली लवकर उरकत नसतील तर भार प्रोसेसरवर आहे. मोहीम जुनी होत जाते तशा फौजा, जहाजे, हेर वाढतात आणि जुने इंजिन मोठा भार प्रोसेसरच्या एकाच कोरवर टाकते. तिथे चित्रांची प्रत कमी करून उपयोग नाही. लढाईत कॅमेरा फिरवताना झटके बसत असतील तर ग्राफिक्सकडे पाहावे. सावल्या व धूर कमी करावेत, पलटणीतील शिपायांची संख्या एक पायरी खाली आणावी. पण शिपायांची संख्या नव्या मोहिमेआधीच ठरवलेली बरी, चालू मोहिमेत तिच्याशी खेळ नको. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर जुना खेळ पुष्कळदा दुबळीच चिप धरून बसतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन त्याला सबळ चिप नेमून द्यावी लागते.

आणखी रॅम घालू का, असे धाकटे मित्र विचारतात. हा खेळ ३२ बिटांचा आहे. अशा प्रोग्रामला फार तर ४ जीबी स्मृती वापरता येते, मग यंत्रात १६ असोत की ३२. मोठे मॉड एकावर एक रचले की ही मर्यादा गाठली जाते आणि खेळ मध्येच बंद पडतो. उपाय एकच, मॉड कमी. मात्र तेही नवी मोहीम सुरू करताना.

माझ्या बाबतीत खरे कारण यांपैकी कोणतेच नव्हते, हे सांगताना थोडी लाज वाटते. महिना मे होता. मराठवाड्यातला मे. लॅपटॉप गादीवर, खालच्या जाळीत वर्षभराची धूळ, आणि वीज गेलेली असल्याने तो बॅटरीवर. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. बॅटरीवर तर विंडोज आधीच हात आखडता घेते. धूळ झाडून, यंत्र टेबलावर ठेवून, वीज आल्यावर खेळलो असतो तर मॉडला हात लावायची वेळच आली नसती.

सेव्ह परत कशी मिळवली ते सांगतो. पहिले काम, सेव्हच्या फोल्डरची संपूर्ण नक्कल दुसरीकडे ठेवली. हा फोल्डर ‘अ‍ॅपडेटा’मध्ये क्रिएटिव्ह असेंब्लीच्या नावाखाली असतो आणि विंडोज ‘अ‍ॅपडेटा’ लपवून ठेवते, म्हणून अनेकांना तो सापडत नाही. मूळ फाइलीवर प्रयोग नाही. जीर्ण कागदावर आपण पेन्सिल चालवत नाही, तसे. त्यानंतर जुन्या सेव्ह एकेक करून उघडून पाहिल्या. १७५८ पर्यंतच्या उघडत होत्या, त्यानंतरच्या नाहीत. म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता. १७५८ नंतर मी असे काही केले होते जे आधीच्या नोंदींत नाही. आठवून पाहिले तेव्हा उलगडा झाला. काढलेल्या मॉडमधली पलटण मी त्याच सुमारास पहिल्यांदा भरती केली होती.

मग तोच पॅक परत आणला. तोच म्हणजे त्याच आवृत्तीचा. नव्या आवृत्तीत एखाद्या पलटणीचे आतले नाव बदललेले असले तर पुन्हा तीच रड. पॅक जागेवर ठेवला तरी खेळ त्याची दखल घेईना. त्याचे नाव ‘यूजर स्क्रिप्ट’ या मजकूर-फाइलीत लिहावे लागते आणि ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-१६ मध्ये, जतन करावी लागते. मी ती साध्या पद्धतीने जतन केली होती. ओळ बरोबर, लिपीची सांकेतिक पद्धत चुकीची. मोडीतले पत्र बाळबोध समजून वाचायला बसावे, त्यातला प्रकार.

दोन गोष्टींनी मात्र कोणाचेच समाधान होणार नाही. सेव्ह लिहिली जात असतानाच वीज गेली आणि फाइल अर्धवट राहिली, तर ती बहुधा गेलीच. आधीच्या सेव्हवर जावे. म्हणून एकाच नावावर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नये. दुसरे असे, की मोहिमेची सुरुवातीची मांडणी बदलणारे मॉड चालू मोहिमेत उतरतच नाहीत. ती मांडणी ‘स्टार्टपॉस’ नावाच्या फाइलीतून पहिल्या चालीलाच उचलली जाते. १७०० साल ठरून गेलेले असते.

सेव्ह उघडली. चार-पाच चालींनी १७६३ आले आणि माझी निराशा झाली. या खेळात ऋतू दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. पावसाळा नाहीच! ज्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि आभाळ भरून येण्याआधी घरी परतण्याची घाई करत, त्यांच्या खेळात पाऊस नसावा? आणि पाऊस नाही म्हणजे पूरही नाही. मग सैन्य दोन तीरांवर विभागले जाणार कसे? शिवाय माझ्या मोहिमेत दक्षिणेतले मोगल केव्हाच संपले होते, त्यामुळे १७२४ साली निजामाचे राज्य उभेच राहिले नव्हते. माधवरावांनी लढावे असा तिथे कोणी नव्हता.

पॅक, यूजर स्क्रिप्ट आणि १७६१ ची सेव्ह असे तिन्ही मी आता एकाच फोल्डरात ठेवले आहेत, सोबत मॉडची नावे व आवृत्त्या लिहिलेला एक कागद. पाऊस घालणारा मॉड कोणी करत असेल तर खाली लिहा. गोदावरी कुठे वळते ते मी दाखवीन.