हजार मैलांच्या वाटेवर आधी काय मोडतं?

गेल्या शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टीममधला सगळ्यात नवा पोरगा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसला. त्याला या डिसेंबरात पुणे-बंगळूर-पुणे करायचंय. एका दिवसात. म्हणजे चोवीस तासांत सोळाशे किलोमीटरच्या वर, मोटारसायकलवर. मी हे एकदा केलंय असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग प्रश्न सुरू झाले. "दादा, टायर कुठले होते? सीटवर जेलचं पॅड लावलेलं का? ऑइल सिंथेटिक का साधं?" अकरा प्रश्न. सगळे गाडीबद्दल. चालवणाऱ्याबद्दल एकही नाही!

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आम्ही रोज सर्व्हर पडतात त्याची कारणं शोधणारी माणसं, त्यामुळे घरी आल्यावर डोक्यात तोच नेहमीचा प्रश्न घोळायला लागला. या उद्योगात आधी काय मोडतं? साखळीतली कच्ची कडी कुठली? आणि मजा अशी, की गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर दर पिढीला बदललंय. विकांत सत्कारणी लागला म्हणायचा.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते १९०३ साली, सॅन फ्रान्सिस्कोत.

जॉर्ज वायमन नावाचा पंचविशीतला सायकलपटू १६ मे १९०३ रोजी दुपारी तिथल्या 'लॉटाज फाउंटन' या कारंजापासून निघाला. जायचं होतं न्यूयॉर्कला, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर. गाडीचं नाव 'कॅलिफोर्निया'. गाडी कसली, सायकलच ती. नेहमीच्या सायकलच्या सांगाड्यात सुमारे २०० सीसीचं, सव्वा अश्वशक्तीचं इंजिन बसवलेलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवायला चामड्याचा पट्टा. जास्तीत जास्त वेग ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. आपल्याकडच्या कुठल्याही शंभर सीसीच्या गाडीची ताकद याच्या पाच-सहा पट असते. सोबत गरम कपडे, पाण्याची बाटली, तेलाचे आणि पेट्रोलचे डबे, थोडी हत्यारं, कोडॅकचा कॅमेरा आणि एक पिस्तूल. झाली तयारी!

आदल्या वर्षी त्याने अशाच गाडीवरून सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडले होते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय याची थोडी कल्पना त्याला होती. पण पश्चिमेकडे रस्ता असा नव्हताच. घोडागाड्यांच्या चाकोऱ्या, वाळू आणि पाऊस पडला की चिखल. मग वायमनने रेल्वेची वाट धरली. रुळांच्या मधून, लाकडी स्लीपरांवरून, शेकडो मैल. (स्लीपर या शब्दावर कोटी करायचा मोह आवरतोय. पुढे झोपेचा विषय येणारच आहे.) डोंगरात बर्फापासून बचाव म्हणून रुळांवर लाकडी छपरं घातलेली होती, त्या काळोख्या बोगद्यांतून तो गाडी ढकलत गेला.

आणि वाटेत काय काय मोडलं म्हणता? पट्टा, सुटे भाग, सगळंच. इलिनॉयमधल्या अरोरा गावी क्रँकशाफ्ट तुटला. त्याने पेडल मारत शिकागो गाठलं आणि नवा क्रँकशाफ्ट येईपर्यंत पाच दिवस तिथे बसून राहिला. शेवटी न्यूयॉर्क दीडशे मैलांवर आलं असताना ऑल्बनीजवळ इंजिनाने मान टाकली. पठ्ठ्या उरलेले दीडशे मैल पेडल मारत गेला! ६ जुलैला न्यूयॉर्क. सुमारे ३८०० मैल, ५१ दिवस. इंजिनाच्या वाहनावरून अमेरिका आडवी पार करणारा तो पहिला माणूस. मोटारीतून पहिल्यांदा जाणारे डॉ. होरेशिओ जॅक्सन त्याच्यामागून वीस दिवसांनी पोचले. पण नाव झालं ते मोटारवाल्याचं. असो.

हिशेब केला तर दिवसाला सरासरी १२० किलोमीटर पडतात. आपला कँटीनमधला पोरगा एका दिवसात याच्या तेरापट जाऊ पाहतोय. पण वायमनची एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याची कच्ची कडी गाडी होती. गाडी मोडली की आवाज व्हायचा, चाक थांबायचं, आणि हा उतरून रस्त्याच्या कडेला बसायचा. या मुद्द्यावर परत येतो.

आता अकरा वर्षं पुढे. इंडियानाचा एर्विन बेकर. याने १९०९ साली इंडियानापोलिसच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवर मोटारसायकलची शर्यत जिंकली होती, आणि पुढे क्यूबा, जमैका, पनामा असा हजारो मैलांचा दौरा मोटारसायकलवरून केला होता. १९१४ च्या मे महिन्यात तो 'इंडियन' कंपनीची दोन सिलिंडरांची गाडी घेऊन सॅन दिएगोहून निघाला आणि ११ दिवस, १२ तास, १० मिनिटांत न्यूयॉर्कला पोचला. अंतर ३३७९ मैल. आधीचा विक्रम वीस दिवसांचा होता, म्हणजे वेळ जवळजवळ निम्म्यावर आणला. पेपरवाल्यांनी त्याला 'कॅननबॉल' हे एका आगगाडीचं नाव चिकटवलं, ते जन्मभर राहिलं.

बेकरची सरासरी दिवसाला सुमारे ४७० किलोमीटर. गाडी आता दमाची झाली होती. अडवत होता तो रस्ता. पक्का रस्ता जवळजवळ नव्हताच, त्यामुळे वाळूत आणि चिखलात वेळ जायचा. कच्ची कडी गाडीकडून रस्त्याकडे सरकली.

त्यानंतर दोनच वर्षांनी तिसरीच कडी समोर आली. ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरन या न्यूयॉर्कच्या दोघी बहिणी. पहिलं महायुद्ध युरोपात पेटलेलं, अमेरिका अजून बाहेर होती. युद्धात निरोप पोचवायला मोटारसायकलस्वार लागतात, ते काम बायकाही करू शकतात, आणि त्यांनी केलं तर तेवढे पुरुष लढायला मोकळे होतील, असं या दोघींचं म्हणणं. नुसतं बोलून कोण ऐकणार? म्हणून १९१६ च्या जुलैच्या सुरुवातीला दोघी आपापली 'इंडियन पॉवर प्लस' घेऊन ब्रुकलिनहून निघाल्या. कोलोरॅडोत १४,००० फुटांहून उंच पाइक्स पीकच्या माथ्यावर गाड्या नेल्या. तिथे मोटारसायकलवरून पोचलेल्या त्या पहिल्या बायका. सॉल्ट लेक सिटीच्या पुढे वाळवंटात वाट चुकली आणि पाणी संपलं. खाणी शोधत फिरणारा एक माणूस देवासारखा भेटला म्हणून वाचल्या. सप्टेंबरात कॅलिफोर्निया. दोन महिने, सुमारे ५५०० मैल.

पण वाटेत त्यांना सगळ्यात जास्त कुणी अडवलं असेल? शिकागोच्या पुढच्या लहान लहान गावांतल्या पोलिसांनी. एकदा नव्हे, अनेकदा. गुन्हा काय, तर पुरुषांसारखी विजार घातली! आणि एवढं करूनही सैन्याने ॲडलिनचा अर्ज नाकारला तो नाकारलाच. गाडीही टिकली, रस्ताही पार झाला, पण लोकांची डोकी आडवी आली. पुढे ॲडलिन वकिलीचं शिकली, ऑगस्टा विमान चालवायला शिकली. अशा माणसांना 'नाही' म्हणून काही फायदा नसतो, हे सैन्याला कुणी सांगायचं?

यानंतर पन्नास-साठ वर्षांत रस्ते डांबराचे झाले, इंजिनं भरवशाची झाली. याची चाहूल बेकरनेच दिली होती. १९३३ साली तो एकटा मोटारीने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला साडेत्रेपन्न तासांत गेला. वाटेत झोप किती? अर्धा तास, असं सांगतात. हा विक्रम जवळजवळ चाळीस वर्षं टिकला. त्याचं कौतुक आहेच, पण मला त्यात धोक्याची घंटा ऐकू येते. गाडीही अडवत नाही, रस्ताही अडवत नाही. मग उरलं कोण?

१९८४ साली पेनसिल्व्हेनियात 'आयर्न बट रॅली' सुरू झाली. लोखंडी बूड! पहिल्या वर्षी दहा जण होते. अकरा दिवसांत अमेरिकेच्या चारी कोपऱ्यांना जाऊन यायचं. याच मंडळींच्या संघटनेने पुढे 'सॅडल सोअर' नावाचा आटोपशीर प्रकार लोकप्रिय केला, चोवीस तासांत १००० मैल. आपल्याकडे तो किलोमीटरच्या मापात करतात, आणि सुवर्ण चतुष्कोनाचे चौपदरी रस्ते झाल्यावर तो इथेही शक्य झाला. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो, मिळतं ते एक प्रमाणपत्र. त्यासाठी पुरावा द्यावा लागतो. निघाल्याचा आणि पोचल्याचा साक्षीदार, आणि वाटेतल्या पेट्रोलच्या पावत्या, ज्यांवर वेळ आणि जागा छापलेली असते. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, म्हणजे टोलची पावती नाही, म्हणून पंपावरच्या पावतीला भलताच भाव येतो. :) अकरा दिवसांच्या मूळ रॅलीत तर विश्रांतीलाही गुण असतात. अमुक तास थांबलात याच्या पावत्या दाखवा, गुण घ्या. ज्यांनी हा खेळ उभा केला, त्यांनाच त्यात थांबण्याला गुण ठेवावेसे वाटले, यातच सगळं आलं.

आता माझी कथा. पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. रात्री ट्रॅफिक कमी, ऊन नाही, म्हणून शुक्रवारी ऑफिस आटपून रात्री आठला पुण्याहून निघालो. सर्व्हिसिंग झालेलं, टायर नवे, चेनला तेल, सगळं यादीप्रमाणे. खंबाटकी, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, मस्त चाललं होतं. हुबळीचा बायपास आठवतो. त्यानंतर एकदम हावेरीची पाटी. मधलं शिग्गाव, बंकापूर, काही म्हणजे काही आठवेना. सत्तरेक किलोमीटर मी चालवली होती, पण मेंदूत एका ओळीचीही नोंद नव्हती! पहाटेचे तीन वाजले होते. सकाळी साडेसहाला उठलेला माणूस मी, म्हणजे साडेवीस तास जागा. पंपावर गाडी लावली, शेजारच्या कट्ट्यावर आडवा झालो, तो सातला उठलो. हिशेब केव्हाच हुकला होता. गुपचूप परत आलो आणि घरी सांगितलं की गाडीत बिघाड झाला. थाप होती. गाडीला काहीही झालं नव्हतं.

नंतर वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला होता. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. चोवीस तासांनी ते जवळजवळ ०.१० टक्क्यावर जातं. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभर न पिता मी हावेरीत तर्र होतो. आणि ताशी शंभरच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे १११ मीटर. एवढ्या अंतरात काय काय येऊ शकतं हे रात्रीच्या हायवेवर गेलेल्या कुणालाही सांगायला नको. उभा ट्रक पुरतो.

दुसऱ्या खेपेला तीन रात्री आठ-आठ तास झोपलो आणि पहाटे चारला निघालो. जातानाच नव्हे, येतानाही थांबायच्या जागा आधी ठरवल्या. परतीच्या वाटेवर चित्रदुर्गाला गजर लावून तासभर झोपलो. रात्री तीनला घरी. तेवीस तास, सोळाशे ऐंशी किलोमीटर, सात पावत्या. प्रमाणपत्र भिंतीवर आहे. पण खरं सांगतो, साताऱ्यापासून पुढचे दोन तास मी बरोबर चालवत होतो असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. ठरवलेल्या दोन झोपांपैकी दुसरी, कऱ्हाडची, मी 'आता काय, आलंच घर' म्हणून गाळली होती. पूर्ण झालं म्हणजे बरोबर होतं, असं होत नाही. आमच्या धंद्यात याला नशिबाने पास झालेली टेस्ट म्हणतात.

तर मगाचा मुद्दा. वायमनचा क्रँकशाफ्ट तुटला तेव्हा गाडी थांबली. बेकर चिखलात रुतला की थांबायचा. व्हॅन ब्युरन भगिनींना पोलीस थांबवायचे. पूर्वीचं प्रत्येक मोडणं माणसाला थांबवणारं होतं. आता मोडतो तो आपला मेंदू, आणि तो आवाज न करता मोडतो. गाडी मात्र ताशी नव्वदने जातच राहते. लॉग न लिहिता मेलेला सर्व्हर बघितलाय कधी? बाहेरून सगळं हिरवं दिसतं. तसंच हे. म्हणून आता थांबायचं काम गाडी, रस्ता, पोलीस यांपैकी कुणीच आपल्यासाठी करत नाही. ते आधी कागदावर लिहून ठेवावं लागतं आणि 'आलंच घर' वाटत असताना पाळावं लागतं.

सोमवारी पोराला पुन्हा चहाला बोलावलंय. टायर, ऑइल सगळं सांगीन. पण आधी विचारणार आहे, "झोपणार कुठे कुठे, ते दाखव." दोन जागा आणि दोन वेळा लिहून आणल्या तर पुढचं बोलू. नाही आणल्या तर बंगळूरला जायला रात्रीची बस आहेच, छान झोप लागते.