डिफेंडर्स क्वेस्ट

कथाप्रधान टॉवर डिफेन्स प्रकारातील व्हिडिओ गेम. ठरलेल्या वाटेने लाटांमागून लाटांनी येणाऱ्या शत्रूंना मोक्याच्या जागी उभारलेल्या बुरुजांच्या माऱ्याने रोखणे म्हणजे टॉवर डिफेन्स होय. लेव्हल अप लॅब्ज या संस्थेने २०१२ मध्ये प्रकाशित केलेल्या या खेळात बुरुजांची जागा हाडामांसाची पात्रे घेतात. महामारीची लागण झाल्याने रुग्णांच्या खोल गर्तेत फेकलेली ग्रंथपाल अझ्रा ही त्याची नायिका असून, तिच्यापर्यंत शत्रू पोहोचू न देणे हे प्रत्येक लढाईचे उद्दिष्ट असते. शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या ‘साय’ या मानसिक ऊर्जेतून योद्धे रणांगणात उतरवता येतात व त्यांचे बळ वाढवता येते, तर अनुभवाने त्यांची पातळी चढते आणि नवी कौशल्ये निवडता येतात. या खेळात विशिष्ट कामगिरीची नोंद करणारी मानचिन्हेही मिळतात; त्यांना ‘अचिव्हमेंट’ म्हणतात. अशी कामगिरी साधू पाहणाऱ्याने केवळ पातळी वाढवण्यावर विसंबू नये. खेळ थांबवून आज्ञा देण्याच्या सोयीचा उपयोग करावा आणि वाटेच्या वळणांवर योद्ध्यांची विचारपूर्वक मांडणी करावी. कथेतील पात्रे व डावपेचातील साधने एकच असल्याने, कथा आणि खेळ यांचा येथे साधलेला मेळ या प्रकारात विशेष उल्लेखनीय ठरतो.